उभ्या मोटारीचा जमाखर्च

बी. कॉम., तृतीय वर्ष

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या इंजिनावर लेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. मी यंत्रशास्त्र शिकलेलो नाही आणि गॅरेजात कधी कामही केलेले नाही. परंतु दिवाळीच्या सुट्टीत आजोळी, धामनोदला, एका जुन्या मोटारीने आम्हांला जो धडा दिला तो हिशेबाच्याच पुस्तकातला होता. आपल्या सीमाभागातही अनेक घरांच्या पडवीत ताडपत्रीखाली अशी एखादी गाडी उभी असते. ती पुन्हा चालू करू पाहणाऱ्यांना थोडा उपयोग व्हावा आणि वर्गमित्रांना एक वेगळे उदाहरण मिळावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गाव आणि गाडी

धामनोद हे मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यातले, मुंबई-आग्रा रस्त्यावरचे गाव. दक्षिणेला थोड्या अंतरावर खलघाटची नर्मदा, पूर्वेला अहिल्याबाई होळकरांचे महेश्वर आणि उत्तरेला विंध्याची भिंत. धारला पवारांचे आणि इंदूरला होळकरांचे राज्य होते, त्यामुळे या मुलखात मराठी घराणी पिढ्यानपिढ्या राहिलेली आहेत. आमचे आजोळ त्यांपैकीच एक. गाव खाली निमाडात आहे आणि जिल्ह्याचे ठिकाण धार वर माळव्याच्या पठारावर. म्हणजे धारला जायचे तर गुजरी सोडल्यावर घाट चढावाच लागतो. ही भूगोलाची गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

गाडी आजोबांची, प्रीमियर पद्मिनी. सोलापूरला जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ तयार होऊ लागली आणि सत्तरच्या दशकात तीच गाडी ‘पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने आयुष्य काढले. त्या ताफ्यातली शेवटची गाडी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. १,०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, सुमारे ४० अश्वशक्ती आणि साधा कार्ब्युरेटर. तिच्यात संगणक नाही, की विजेवर चालणारे इंजेक्शन नाही. म्हणूनच ती शिकायला सोपी.

आजोबा गेल्यानंतर चार वर्षे गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. टाकीत चौथा हिस्सा पेट्रोल तसेच राहिलेले. आता नोंदणीची मुदत संपत आली होती. खाजगी मोटारीची नोंदणी पहिली पंधरा वर्षे चालते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. या नूतनीकरणाचा आकार १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेला आणि वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी तो ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपये करण्यात आला. मामांनी सरळ सांगितले, “दहा हजार भरायचे आणि गाडी घाटात ढकलायची, हा कुठला हिशेब? धारपर्यंत आपल्या चाकांवर गेली तर ठेवू, नाही तर भंगारवाल्याला बोलावतो.” आजी काही बोलली नाही. पण भंगारवाला हा शब्द निघाला की ती उठून आत जात असे.

व्हाउचर नसलेला खर्च

गावातल्या मिस्त्रीने नवी बॅटरी लावली, प्लग बदलले, कॉईल बदलली आणि कार्ब्युरेटर उघडून साफ केला. टाकीत पाच लिटर ताजे पेट्रोल घातले. गाडी सुरू झाली, अंगणात दहा मिनिटे छान चालली. पेढेही वाटून झाले. तिसऱ्या दिवशी मामा आणि मी धारला निघालो. गुजरीपर्यंत गाडीने कुरकूर केली नाही. घाट सुरू झाला आणि पाव किलोमीटरवर तिने दोन झटके दिले व ती बंद पडली. पंधरा मिनिटे थांबलो, तर पुन्हा सुरू झाली. पुन्हा पाव किलोमीटर, पुन्हा बंद. शेवटी गाडी वळवली. उतारावरून ती निमूटपणे घरी आली.

मिस्त्रीचे निदान, “गर्मी खा गई, भैया. तेल उबल रहा है.” त्याने पंपावर ओले फडके गुंडाळायला सांगितले. फरक पडला नाही. मग म्हणाला पंप कमजोर आहे. नवा पंप आला. घाटात पुन्हा तोच प्रकार.

घरचा खर्च वहीत मी लिहीत होतो. बॅटरी सोडून प्लग, कॉईल, कार्ब्युरेटरचे सामान व मजुरी आणि पंप मिळून ४,३०० रुपये झाले होते. पाडव्याला वहीपूजन करताना माझ्या मनात आले की अंकेक्षणाच्या तासाला आपण एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकतो : व्हाउचरशिवाय नोंद मान्य करू नये. म्हणून त्या खर्चांपुढे मी ‘कशावरून?’ असा एक रकाना आखला. कार्ब्युरेटरसमोर लिहिता आले, कारण उघडल्यावर त्यात पिवळट चिकटा दिसला होता. बाकीच्या तिन्ही रकमांसमोर काही लिहिता येईना. कॉईल खराब होती कशावरून? पंप कमजोर होता कशावरून? कोणी काही मोजलेच नव्हते. चाचणीशिवाय केलेले निदान म्हणजे व्हाउचरशिवाय केलेला खर्च होय. तो कदाचित बरोबर असेलही, पण तो बरोबर आहे हे सांगता येत नाही.

पेट्रोलची वाट

निदान करायचे तर आधी पेट्रोलची वाट ठाऊक हवी. टाकी गाडीच्या मागच्या बाजूला असते. टाकीत तळाजवळ एक नळी उतरलेली असते आणि तिच्या तोंडाशी बारीक जाळी असते. तिथून धातूची लांब नळी गाडीखालून पुढे येते, शेवटी रबरी नळीच्या तुकड्याने इंजिनाच्या बाजूला बसवलेल्या पंपाला जोडली जाते. या पंपाला गॅरेजात सगळीकडे ‘एसी पंप’ म्हणतात. थंड हवेच्या एसीशी त्याचा संबंध नाही. पंपात रबरी कापडाचा एक पडदा असतो. इंजिन फिरले की आतला दांडा हा पडदा खाली ओढतो आणि टाकीतले पेट्रोल खेचले जाते. मग स्प्रिंग पडदा वर ढकलते आणि पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जाते. दोन छोट्या झडपा त्याला उलट जाऊ देत नाहीत.

कार्ब्युरेटरच्या वाटीत एक फ्लोट तरंगत असतो. वाटी भरली की फ्लोट वर येऊन सुईने वाट बंद करतो, पेट्रोल कमी झाले की वाट उघडतो. वाटीतले पेट्रोल जेट नावाच्या बारीक भोकांतून हवेत मिसळून इंजिनात जाते. टाकी, जाळी, नळी, पंप, सुई, वाटी, जेट : ही सात ठाणी. अडथळा यांपैकी कोठेही येऊ शकतो.

गाडी उभी राहिली की काय बिघडते

पेट्रोल हा एकच पदार्थ नसून अनेक द्रवांचे मिश्रण आहे. उभ्या गाडीत त्यातला हलका भाग आधी उडून जातो, आणि थंड इंजिन सुरू करायला नेमका तोच लागतो. राहिलेला भाग हवेतल्या प्राणवायूने हळूहळू बिघडून गोंदासारखा चिकट होतो. तो जेटची भोके बुजवतो, सुई चिकटवतो, पंपाच्या झडपा जाम करतो. अर्धी रिकामी टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, कारण मोकळ्या जागेत दमट हवा शिरते आणि रात्रीच्या गारव्याने तिचे पाणी होते. पाणी पेट्रोलहून जड असल्याने तळाशी बसते आणि पोलादी टाकी तिथे गंजू लागते.

आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. देशात हे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर आले. इथेनॉल हवेतले पाणी शोषून घेते. शिवाय जुन्या काळचे काही रबर त्याने फुगते वा मऊ पडते आणि टाकीत वर्षानुवर्षे चिकटून बसलेला मळ त्याने सुटून वाहू लागतो. म्हणून जुन्या गाडीच्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालणे शहाणपणाचे.

पहिला प्रश्न : पेट्रोल की करंट?

गाडी सुरू होत नसेल तर प्रथम दोष पेट्रोलचा आहे की ठिणगीचा, म्हणजे गॅरेजच्या भाषेत करंटचा, हे वेगळे करावे. बराच वेळ सेल्फ मारल्यानंतर एक प्लग काढून पाहावा. प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल पोहोचते आहे, ते पेटत नाही किंवा जास्त होते आहे. दुसरी चाचणी अशी : इंजिन थंड व बंद असताना कार्ब्युरेटरच्या तोंडात चहाचा एक चमचा पेट्रोल सोडावे, बाटली दूर नेऊन ठेवावी, हवेचा फिल्टर परत बसवावा आणि मगच सेल्फ मारावा. दोन सेकंद इंजिन पेटून बंद पडले तर करंट ठीक आहे, दोष पेट्रोलच्या वाटेत आहे. ही चाचणी पहिल्या दिवशीच केली असती तर कॉईलची गरज होती की नाही ते फुकटात कळले असते.

रोकड शिल्लक आणि आवक

आता आमच्या गाडीचे कोडे. अंगणात चालते, सपाटीवर चालते, घाटातच का मरते? याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे.

लिटरला १५ किलोमीटर चालणारी गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने गेली तर तासाला ४ लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे ६७ मिलिलिटर पेट्रोल खाते. जागेवर उभी राहून चालणारी गाडी तासाला साधारण १ लिटर, म्हणजे मिनिटाला १७ मिलिलिटर खाते. घाटात इंजिनाला आपली पाऊण शक्ती, समजा ३० अश्वशक्ती, लावावी लागते. अशा इंजिनाला एका अश्वशक्तीमागे तासाला पाव किलोहून थोडे जास्त पेट्रोल लागते. त्या हिशेबाने तासाला सुमारे ११ लिटर, म्हणजे मिनिटाला १८० मिलिलिटरच्या आसपास. सपाटीच्या जवळजवळ तिप्पट आणि अंगणातल्या दसपट.

कार्ब्युरेटरची वाटी म्हणजे हातातली रोकड शिल्लक. ती ४० मिलिलिटर धरू. पंपातून येणारे पेट्रोल ही आवक, इंजिनात जळणारे हा खर्च. समजा कोठेतरी अडथळा असल्यामुळे आवक मिनिटाला १०० मिलिलिटरवर आली आहे. अंगणात खर्च १७, म्हणजे सारे आबादीआबाद. सपाटीवर खर्च ६७, तरीही कोणाला काही कळत नाही. घाटात खर्च १८०, तूट ८०. चाळीसची शिल्लक अर्ध्या मिनिटात संपते. ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने अर्ध्या मिनिटात गाडी पाव किलोमीटर जाते. आमची गाडी बरोबर तिथेच मरत होती.

यातले आकडे अंदाजाचे आहेत, पण त्यांतून निघणारे दोन नियम पक्के आहेत. एक : जागेवर चालणारी गाडी बरी झाली असे समजू नये. तोट्यातला धंदासुद्धा काही दिवस शिलकीवर चालतो. दोन : सुरू झाल्यावर किती वेळाने बंद पडते, हा वेळच पुरावा असतो. आवक अजिबात बंद असेल तर जागेवर दोन-अडीच मिनिटांत, सपाटीवर अर्ध्या-पाऊण मिनिटात गाडी मरेल.

मोजणी

आवक कमी आहे असा तर्क झाला, पण तोही अजून व्हाउचरशिवायच होता. मामांना म्हटले, “मामा, भंगारवाल्याला बोलवायच्या आधी मला एक सकाळ द्या.” ते म्हणाले, “घे. पण पेट्रोलशी खेळायचंय तर मिस्त्रीला बरोबर घेऊन खेळ.” त्यांचे हे म्हणणे अगदी योग्य होते.

आमच्या एसी पंपाला हाताने हलवायचा छोटा लिव्हर आहे. सकाळी सहाला इंजिन गार असताना मिस्त्रीने कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी सोडवून मापाच्या खुणा असलेल्या काचेच्या बाटलीत धरली. मी लिव्हर मारायचा आणि मोजायचे. (लिव्हर ढिला लागला तर इंजिन थोडे फिरवून घ्यावे. आतला दांडा वर थांबलेला असला की लिव्हरला ओढ राहत नाही.)

पहिले वीस झटके : ५२ मिलिलिटर. पुढचे वीस : ३१. पुढचे वीस : १४. पंधरा मिनिटे थांबून पुन्हा वीस : ४६.

मिस्त्री बाटलीकडे पाहतच राहिला. घाटातला सगळा प्रसंग अंगणात उभा होता : आधी चालते, मग मरते, थांबले की पुन्हा चालते. आणि इंजिन पूर्ण थंड होते. म्हणजे गरमीने पेट्रोल उकळण्याचा संबंध नाही. उकळण्याचा दोष खरा असतो, निमाडच्या वैशाखात तो अशा गाड्यांना होतोही. पण तो गार सकाळी दिसत नाही.

दुसरी मोजणी : मागची नळी पंपापासून सोडवली आणि नव्या रबरी नळीने पंप बाहेरच्या डब्यातल्या स्वच्छ पेट्रोलला जोडला. ५२, ५१, ५२. म्हणजे पंप निर्दोष, दोष पंपाच्या मागे. जुना काढलेला पंप मिस्त्रीने पोत्यातून शोधून आणला. त्यानेही डब्यातून ५०, ५१, ५० दिले. पंपाचे पैसे वाया गेले होते, ते त्या क्षणी वहीत सिद्ध झाले.

तिसरी मोजणी : पुन्हा टाकीला जोडून, टाकीचे झाकण उघडे ठेवून. झाकणाचे हवेचे भोक बुजले की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल येईनासे होते. पण आकडे पहिल्यासारखेच घसरले. झाकण सुटले.

चौथी : झाकण उघडेच ठेवून पंपाकडच्या टोकातून सायकलच्या पंपाने हवा मागे सोडली. टाकीत बुडबुड आवाज आला. नळी मोकळी होती. लगेच मोजले तर ५०, आणि पुढे पुन्हा ३३, १५. आता तर्काला जागा उरली नाही. नळीतला पक्का अडथळा थांबून राहिल्याने सुटत नाही. हा अडथळा सैल होता. पेट्रोल खेचले की येऊन जाळीला चिकटायचा, खेचणे थांबले की खाली गळून पडायचा.

टाकी मिस्त्रीनेच उतरवली. तळाशी दोन बोटे तांबडा गाळ, त्यात गंजाचे पापुद्रे आणि थोडे पाणी. “कचरा आ गया था,” तो म्हणाला. मला हसू आले, कारण आमच्याकडचे मिस्त्रीही कन्नडमध्ये हेच म्हणतात, “कस बंदैती.” निदान तिन्ही भाषांत एकच, फक्त ते कुठल्या ठाण्यावर आहे हे शोधावे लागते.

टाकीत बारीक खडी व पेट्रोल घालून ती हलवून हलवून धुतली, सिरक्याने गंज सोडवला, भरपूर पाण्याने विसळून उन्हात पूर्ण वाळवली. जाळी साफ केली, रबरी नळ्या बदलल्या आणि टाकी व पंप यांच्यामध्ये पारदर्शक फिल्टर बसवला, म्हणजे पुन्हा गाळ आला तर डोळ्यांना दिसावा. मजुरी धरून ९०० रुपये. नंतरची मोजणी : ५२, ५२, ५१. जुना पंप फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवला आहे.

इतर लक्षणे

प्रत्येक गाडीचा दोष टाकीतच असेल असे नाही. म्हणून नेहमी आढळणारी लक्षणे थोडक्यात देतो.

रबरी नळीला चीर : पंपाच्या मागची नळी फाटली तर इंजिन चालू असताना पेट्रोल ठिबकतेच असे नाही, उलट बाहेरची हवा आत खेचली जाते. बाटलीत पेट्रोलबरोबर बुडबुडे येतात. पंपाच्या पुढची नळी फाटली तर मात्र पेट्रोल बाहेर उडते. हे अधिक धोक्याचे.

झाकणाचे भोक बुजणे : वीस-तीस मिनिटांनी गाडी मरते, झाकण उघडताच सुस्कारा ऐकू येतो आणि गाडी सुरू होते.

पंपाचा पडदा फाटणे : पेट्रोल इंजिनाच्या ऑईलमध्ये उतरू शकते. ऑईलची काडी ओढून वास घ्यावा. पेट्रोलचा वास येत असेल व पातळी वाढली असेल तर इंजिन चालवूच नये, ऑईल बदलावे.

सुई चिकटणे : बंद चिकटली तर पंप ठीक असून वाटी कोरडी. उघडी चिकटली तर कार्ब्युरेटरमधून पेट्रोल वाहते, प्लग ओले आणि धूर काळा.

जेट बुजणे : जागेवर चालण्याचा छोटा जेट बुजला तर पाय काढताच गाडी बंद पडते, पाय दिला की चालते. मोठा जेट बुजला तर उलट, जागेवर चालते आणि पाय दिला की गुदमरते. जेट तारेने खोदू नयेत, भोक मोठे होते. पातळ द्रावणाने धुवून हवेने उडवावेत.

क्रम असा ठेवावा : आधी फुकटच्या चाचण्या, मग धुण्यापुसण्याच्या, मग स्वस्त वस्तू आणि सर्वांत शेवटी महाग वस्तू. शक्यतो वाट मधोमध तोडून मोजावे. पंपापाशी मोजले की एका मोजणीत अर्धी ठाणी निर्दोष सुटतात. तेरीज जुळत नसली की आपण निम्म्या पानावर बेरीज तपासतो, तसेच हे.

खबरदारी

पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, ती जमिनीलगत पसरून दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. म्हणून काम उघड्या जागी करावे, बॅटरीची तार आधी सोडवावी, विडी-सिगारेट नको, जवळ वाळूची बादली असावी. आम्ही दिवाळीत काम केले, तेव्हा फटाक्यांमुळे मोजणीची वेळ पहाट निवडावी लागली आणि गल्लीतल्या मुलांना आजीने घरात बसवून फराळ दिला. रबरी नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढू नये. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण तिच्यात वाफ भरलेली असते. तिला वेल्डिंगची आच कधीही लावू नये. काढलेले जुने पेट्रोल गटारात वा जमिनीवर ओतू नये.

समारोप

चार दिवसांनी आम्ही पुन्हा घाटाला लागलो. पाव किलोमीटरची ती जागा आली तेव्हा मामा बोलायचे थांबले. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये एका सुरात चढत राहिली आणि वरच्या सपाटीला लागली. धारला तपासणी झाली, दहा हजार भरले. मामा म्हणाले, “हिशेबात अजून तोटाच आहे रे.” खरे आहे. पैशांच्या वहीत ती गाडी तोट्यातच राहील. पण पुढच्या आठवड्यात आजी तिच्यातून महेश्वरला नर्मदेच्या दर्शनाला जाऊन आली, आणि त्या नोंदीसाठी कोणता रकाना आखावा हे मला अजून कोणी शिकवलेले नाही.

मिस्त्रीचा हात कसबी आहे. टाकी उतरवणे, सुई बसवणे मला सात जन्मांत जमणार नाही. त्याचे चुकले एवढेच की त्याने उत्तर आधी लिहिले आणि मोजणी केलीच नाही. ही चूक आपण परीक्षेत, व्यवहारात आणि माणसांविषयी मत बनवतानाही करतो. निघताना पाहिले, तर मापाची ती काचेची बाटली त्याच्या गॅरेजच्या फळीवर, पान्यांच्या शेजारी ठेवलेली होती.